वहिनी, तेव्हाही कळलं असतं

वहिनी,

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या काकू भेटायला आल्या. दादाजवळ बसल्या, मुग्धाच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठता उठता म्हणाल्या, "फार सोसलं हो तिनं. पण कधी कुणाला बोल लावला नाही. म्हणायची, तेव्हा तपासण्याच नव्हत्या, कोण काय करणार?"

मी समोरच्या खुर्चीत होतो. पाचव्या दिवशी तुमच्या महिला मंडळातल्या दोघी आल्या, त्यांनीही हेच सांगितलं. सातव्या दिवशी राहुरीहून तुमची मावसबहीण आली. ती तर माझ्याकडे बघूनच म्हणाली, "शैलाताई सांगायची ना, भाऊजी म्हणाले की तेव्हा या तपासण्याच नव्हत्या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी खाली बघत राहिलो. दुःखानं बघतोय असं त्यांना वाटलं असेल.

ते वाक्य माझं आहे, वहिनी. चार वर्षांपूर्वी मी ते तुम्हाला एकदाच सांगितलं. त्यानंतर ते तुम्हीच सांगत राहिलात, इतक्या वेळा की आता ते मला तुमच्याच आवाजात ऐकू येतं. पेशंटची छाती तपासताना कानात नळ्या असल्या तरी येतं. आणि ते खोटं आहे.

मुग्धाने मला मंडळाच्या अंकासाठी लिहायला सांगितलं आहे. "काका, आईवर तुम्हीच लिहा. आजाराचंही लिहा, बायकांना उपयोग होईल." मी दोन वेळा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा 'मायाळू', 'हसतमुख' असे शब्द आल्यावर कागद फाडला. हा तिसरा. हा तुम्हालाच लिहितो, कारण यातलं बहुतेक तुम्हालाच सांगायचं राहिलं आहे.

मुग्धा झाली तेव्हा मी बारावीत होतो. नगरातल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये तुम्ही अडला होतात. मूल झालं, पण रक्त थांबेना. डॉक्टरांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली आणि मी सायकलवरून रक्तपेढीत गेलो. रक्ताच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून, पिशवी गळ्यात अडकवून, एका हाताने ती छातीशी धरून परत आलो. ही गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून किती वेळा ऐकलीत. शाळेच्या बक्षीस समारंभात, रक्तदान शिबिरात, माझ्या सत्काराच्या वेळी. 'त्या दिवशी मी डॉक्टर व्हायचं ठरवलं' या वाक्यावर टाळ्या पडतात. तुम्ही पहिल्या रांगेत बसून पदराआड हसायचात. घरी आल्यावर म्हणायचात, "भाऊजी, दर वर्षी माझं रक्त थोडं जास्त जातंय. पुढच्या वर्षी मी वाचेन की नाही?"

त्या गोष्टीचा पुढचा भाग मी कुठल्याच व्यासपीठावर सांगितला नाही. मुग्धाला तुमच्या अंगावरचं दूध एक थेंब मिळालं नाही. आईने हळीव केले, शतावरी दिली, डिंकाचे लाडू केले. काही उपयोग झाला नाही. मग नेप्ती गावाहून दूध घालायला यायच्या त्या पार्वताबाईंचा रतीब वाढवला. एक सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. मी ओट्यावर फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसलो होतो. पार्वताबाईंनी कॅन खाली ठेवला आणि आईला विचारलं,

"बाळंतिनीचं लई रगत गेल्तं का वो?"

"गेलं होतं. दोन बाटल्या चढवल्या. हाच गेला होता आणायला."

"मंग न्हाई यायाचं दूध. माझ्या जावंचं आसंच झाल्तं. दूध न्हाई, फुडं पाळी बी न्हाई. निस्ती पडून ऱ्हायाची. सासू म्हनायची, सोंग करतीया."

"आता बरी आहे ना?"

"कुठली वो. गेली की. थंडीतापाचं निमित्त झालं."

आई म्हणाली, "सकाळी सकाळी काहीतरी अभद्र बोलू नका. दूध मापा."

पाच-सहा वर्षांनी मेडिकल कॉलेजात मला हेच सगळं एका जाड इंग्रजी पुस्तकात भेटलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथींना कामाला लावणं हे तिचं काम. बाळंतपणात फार रक्त गेलं तर तिला रक्त पुरत नाही आणि ती आतल्या आत वाळते. मग दूध येत नाही. पाळी येत नाही. थायरॉईड मंदावतं. थंडी सोसत नाही, त्वचा पातळ आणि फिकट होते, रक्तदाब खाली राहतो, थकवा जात नाही. शरीराला ताण सोसायला जे स्टेरॉईड लागतं तेही पुरेसं तयार होत नाही, त्यामुळे साधा तापही जिवावर बेततो. शेवटच्या वर्षी यावर पेपरात प्रश्न आला होता. मी दोन पानं लिहिली, आकृती काढली आणि चांगले गुण मिळवले. उत्तर लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं पान होतं. तुम्ही नव्हतात. पार्वताबाईही नव्हत्या.

हे कसं झालं ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. मला वाटतं, जे घरात रोज समोर असतं ते आजार म्हणून दिसत नाही, त्या माणसाचा स्वभाव म्हणून दिसतं. तुम्ही एप्रिलात स्वेटर घालायचात, तो तुमचा स्वभाव. दुपारी भाजी निवडता निवडता डोळे मिटायचे, तो स्वभाव. दादा तुम्हाला सगळ्यांसमोर 'आमची बॅटरी' म्हणायचा. 'वहिनींना उभ्या उभ्या झोप लागते' ही कोटी माझी. हसायला पहिल्या तुम्हीच असायचात.

आणि पाळीचं तर घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनी, हे लिहायला हात धजत नाही, पण इथेच खरी गोम आहे. आपल्या घरात सोवळं-ओवळं कडक. नवरात्रात, गौरींना, श्राद्धपक्षाला सोवळ्यातला स्वयंपाक लागायचा आणि दर वेळी कुणाची ना कुणाची अडचण यायची. तुमची कधी आली नाही. तुम्ही तेव्हा जेमतेम पंचविशीच्या होतात. आईला हा मोठा आधार वाटायचा. ती नात्यातल्या बायकांना सांगायची, "आमच्या शैलाला पाठवते की. तिला अडचण नसते." मग तुम्ही तिकडे जायचात, पुरण वाटायचात, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचात, आणि घरी येऊन दोन दिवस झोपायचात. त्यावर आईच म्हणायची, "दुसऱ्याकडे बरं होतं काम. घरी आलं की हिचं सुरू."

पंचवीस वर्षांच्या बाईची पाळी थांबते आणि सगळ्या घराला ती सोय वाटते. कुणी एकाने 'का?' म्हणून विचारलं नाही. बाकीच्यांचं सोडा. त्या घरात मी डॉक्टर झालो होतो. तुम्ही सोवळ्यात वाढलेलं पुरण मी पाटावर बसून खात होतो.

मुग्धा दुसरीत असताना मी केडगावात दवाखाना काढला. पहिल्या दिवसापासून माझा एक नियम होता. प्रत्येक पेशंटचा केसपेपर. समोरच्या चहावाल्याचा खोकला असला तरी केसपेपर. आधीचे आजार, ऑपरेशनं, बाईमाणूस असेल तर बाळंतपणं, पाळी. सुप्याच्या कारखान्यातून येणारे कामगार वैतागायचे, "डॉक्टर, गोळी द्या की, इतिहास कशाला इचारता?" मी ऐकायचो नाही. मला त्याचा अभिमान होता.

फक्त घरच्या माणसांचा केसपेपर काढायचा नाही. हा नियम मी कधी केला नव्हता, तो होऊन गेला. घरच्या माणसाला टेबलासमोर बसवून प्रश्न विचारायचे म्हणजे त्याला परकं करायचं. तुम्ही यायचात, आतल्या स्टुलावर बसायचात, दोन पेशंटांच्या मध्ये मी तुमच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायचो. "वहिनी, नव्वदच्या खाली आहे बीपी. असलं बीपी असलं की माणूस शंभर वर्षं जगतो." तुम्ही माझ्यासाठी डब्यात काहीतरी आणलेलं असायचं. मी लोहाच्या गोळ्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून द्यायचो. आणि मधे दुसरीही एक गोष्ट होती. मी तुमचा दीर. तुमच्या पाळीबद्दल, दुधाबद्दल मी कसं विचारायचं? परक्या बाईला मी बिनदिक्कत विचारत होतो. तुम्हाला विचारायला जीभ उचलली नाही. तुम्हीही सांगितलं नसतंत. दोघांनीही एकमेकांचा मान राखला. त्या मान राखण्याने तुमची वीसहून जास्त वर्षं घेतली.

तपासण्या मी केल्या नाहीत असं नाही. शुगर केली, हिमोग्लोबिन केलं, तीन वेळा थायरॉईडची ती एकच तपासणी केली जी सगळे करतात. तिन्ही वेळा नॉर्मल. मी कागद तुमच्यासमोर धरला आणि म्हणालो, "बघा, काहीही नाही. मनाला लावून घेऊ नका." पण ती तपासणी मेंदूखालची ग्रंथी धडधाकट आहे असं धरून चालते. ग्रंथीच आजारी असेल तर तो आकडा फसवतो. हेही मी शिकलो होतो. तुम्ही कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवलीत. दादाला दाखवायला. म्हणजे मीच तुमच्या हातात तुमच्याविरुद्धचा पुरावा दिला.

चार वर्षांपूर्वी मंडळाच्या शिबिरात तुमची मोठी तपासणी झाली आणि थायरॉईडचा दुसरा आकडा खूपच कमी आला. मी खूश झालो. सापडलं एकदाचं. दुसऱ्या दिवसापासून थायरॉईडची गोळी सुरू केली. तुम्हीही खूश होतात. दहाव्या दिवशी तुम्ही न्हाणीघराच्या दारात कोसळलात. या आजारात आधी स्टेरॉईड द्यायचं असतं आणि मग थायरॉईडची गोळी. उलट केलं तर शरीराचा वेग वाढतो आणि तो झेलायला आत काहीच नसतं. इतक्या वर्षांत मी तुम्हाला दिलेलं हे एकमेव योग्य औषध, आणि ते मी उलट्या क्रमाने दिलं.

तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण आली. मुग्धाहूनही लहान असेल. तिने हातात कोरा कागद घेतला. दादा आणि मी पायाशी उभे.

"काकू, बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का?"

तुम्ही म्हणालात, "हो. दोन बाटल्या लागल्या."

"बाळाला अंगावर पाजलं?"

"दूध आलंच नाही."

"आणि पाळी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग भिंतीकडे. "नंतर आलीच नाही कधी."

तिचं लिहून झालं. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. मग तिने मला विचारलं, "सर, तुम्ही यांचे कोण?"

"दीर."

"आणि तुम्ही स्वतः प्रॅक्टिस करता."

"हो."

ती आणखी काही म्हणाली नाही. पेन खिशाला लावलं आणि नर्सला इंजेक्शन सांगितलं.

तुम्हाला घरी आणलं तो दिवस. गाडी मी चालवत होतो, दादा शेजारी, तुम्ही मागे उशीला टेकून. पुणे रस्त्याला लागल्यावर तुम्ही विचारलंत, "भाऊजी, हे आधी कळलं असतं का हो?"

मी आरशात बघितलं नाही. म्हणालो, "तेव्हा या तपासण्याच नव्हत्या, वहिनी."

थोडं अंतर गेल्यावर तुम्ही म्हणालात, "बरं झालं."

"काय बरं झालं?" दादाने विचारलं.

"म्हणजे कुणाचीच चूक नाही."

यात अर्धं खरं होतं, म्हणूनच ते इतकं टिकलं. मेंदूचा स्कॅन, ती रक्ताची खास तपासणी नगरात नव्हती, पुण्यात होती. पण ती करून घ्यायला सुचायला जे लागतं त्याला मशीन लागत नाही. दोन प्रश्न लागतात: बाळंतपणात रक्त फार गेलं का, आणि नंतर दूध आलं का. आणि त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला तुम्हाला विचारावीसुद्धा लागणार नव्हती. बाटल्या मी आणल्या होत्या. पार्वताबाईंचं बोलणं मी ऐकलं होतं.

मी भीतीने खोटं बोललो. तुमची भीती, दादाची भीती, त्या तरुण डॉक्टरिणीच्या न बोलण्याची भीती. मला वाटलं, पंधरा दिवसांनी, तुम्हाला जरा बरं वाटलं की सांगू.

पण तुम्हाला इतकं बरं वाटायला लागलं की सांगणं आणखी अवघड झालं. सकाळी-दुपारी स्टेरॉईडची ती लहानशी गोळी, मग हळूहळू थायरॉईडची. महिन्याभरात तुमच्या चेहऱ्यावर रंग आला. तो तुमचा खरा रंग आहे हे आम्हाला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, सकाळी जाग येते ती अशी येते की उठावंसं वाटतं. सगळ्यांना अशीच येते का हो?" मी म्हणालो, "हो." तुम्ही म्हणालात, "मग सगळे इतके कुरकुरतात कशाला?"

एकट्या एसटीने पुण्याला मुग्धाकडे जायला लागलात. मंडळाच्या चिटणीस झालात. दादाने माझ्याकडून मोसंब्यावर टोचून टोचून इंजेक्शन शिकून घेतलं, कारण उलटी झाली तर गोळी पोटात राहत नाही. तुम्ही त्याला चिडवायचात, "मोसंबं ओरडत नाही, मी ओरडेन, सांगून ठेवते."

आणि तुम्ही एकेकाला माफ करत सुटलात. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिच्या उशाशी बसून तिचा हात धरून तुम्ही म्हणालात, "आई, मुग्धा झाली आणि हिची आई कामातून गेली, असं तुम्ही म्हणायचात ना? ते मनातून काढून टाका. तुम्हाला तरी कसं कळणार? भाऊजी म्हणतात, तेव्हा तपासण्याच नव्हत्या." आई रडली. मी दारात होतो. ती शांतपणे गेली, ते तुमच्यामुळे. म्हणजे माझ्या खोट्यामुळे. इतकं चांगलं काम करणारं खोटं मोडायचं कसं, हे मला कळेना.

आपलं एक भांडण राहून गेलं. मंडळात येऊन या आजारावर बोला, असा तुमचा हट्ट होता. "दोनच तर प्रश्न आहेत, भाऊजी. बायकांना सांगा, त्या आपापल्या डॉक्टरला स्वतःहून सांगतील." मी कधी ओपीडीचं कारण दिलं, कधी घशाचं. "सायकलची गोष्ट सांगायला बरे कुठेही जाता," तुम्ही म्हणालात. त्या दिवशी तुम्ही खरंच रागावला होतात. पण तो राग चुकीच्या गोष्टीसाठी होता. तुम्हाला वाटलं, मी आळस करतोय. मला दिसत होतं की तुमच्यासमोर उभं राहून 'दोनच प्रश्न' म्हटलं, की तिसरा प्रश्न तुम्ही मला विचाराल.

तेव्हापासून मी दवाखान्यात प्रत्येक थकलेल्या बाईला ते दोन प्रश्न विचारतो. चार वर्षांत एक सापडली. सुप्याला कंपनीत पॅकिंगचं काम करते, चार वर्षांचा मुलगा आहे. आता बरी आहे. गेल्या महिन्यात पेढे घेऊन आली. "डॉक्टर, तुमी इचारलं म्हनून," म्हणाली. मी पेढा घेतला, तिच्याकडे बघवलं नाही.

शेवटच्या आजारात कुणाची चूक झाली नाही. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहीत नाही, तसंच घडलं. न्यूमोनिया होता. दादाने इंजेक्शन दिलं, बरोबर दिलं. मी दहा मिनिटांत पोचलो. हॉस्पिटलच्या दारातच मी सांगितलं की यांना स्टेरॉईड चालू आहे, डोस वाढवा. त्यांनी वाढवला. तरी तुमच्या शरीराने पाच दिवसच तग धरला. दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होतात. मी एकटाच आत होतो. आता सांगावं म्हणून मी पुढे झालो. तुम्ही मास्क जरासा उचललात आणि म्हणालात, "मंडळाचं लक्षात ठेवा हं, भाऊजी." मी म्हणालो, "हो." मास्क पुन्हा नीट बसवला. तेवढंच केलं.

गेल्या रविवारी मी दादाकडे गेलो. मुग्धा पुण्याला निघायच्या तयारीत होती, बॅग दारात होती. मी म्हणालो, "लेख लिहिलाय. पण छापायला द्यायच्या आधी तुम्हाला दोघांना सांगायचंय." आणि सांगितलं. सायकल, पार्वताबाई, परीक्षेतलं उत्तर, गाडीतलं वाक्य. काही गाळलं नाही.

दादाने बराच वेळ चष्मा पुसला. मग विचारलं, "म्हणजे कळलं असतं?"

"हो."

"कधी?"

"मी दवाखाना काढला तेव्हा तर नक्की. मुग्धा दुसरीत होती."

दादाने बोटांवर वर्षं मोजली. "दुसरीत. त्याच्या पुढच्याच वर्षी मी शैलाला माहेरी नेऊन सोडली होती. आठ महिने. काम होत नसेल तर राहा तिकडेच, म्हणालो." हे मला माहीत होतं. आपल्या घरात ते 'हवापालट' म्हणून सांगितलं गेलं. "मागच्या दिवाळीत तिने आपणहून विषय काढला," दादा म्हणाला. "म्हणाली, ते विसरून जा. तुमची काय चूक, कुणालाच माहीत नव्हतं. मी चार महिने त्यावर जगतोय, बाळ."

पन्नाशी उलटलेल्या मला तो किती वर्षांनी बाळ म्हणाला. मग तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

मुग्धा माझ्याकडे बघत होती. "मला लहानपणापासून वाटायचं, मी झाले म्हणून आई अशी झाली," ती म्हणाली. "आजी तसंच म्हणायची. तुम्हाला माहीत होतं ना, आजी काय म्हणायची ते?"

"हो."

"काका, तुम्ही हे आईला का नाही सांगितलं? तिला कदाचित चिडायचं असेल." तिचा आवाज चढला नव्हता. "आयुष्यात एकदा तरी तिला चिडू द्यायचं होतं. तिचा हक्क होता."

ती दारातली बॅग उचलून आत घेऊन गेली. "आज मी जात नाही. बाबांना असं सोडून नाही जायचं. तुम्ही घरी जा." दारापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "लेख आहे तसा छापा."

तर वहिनी, तो हा असा; रविवारचं तेवढं नंतर जोडलं. आईला, दादाला, मला तुम्ही जे माफ केलंत, ते मी दिलेल्या चुकीच्या माहितीवर केलंत. डॉक्टर म्हणून मी एवढं तरी ओळखतो की चुकीच्या माहितीवर घेतलेली संमती धरता येत नाही. मग तशी मिळालेली माफीही धरता येत नाही. आई ती घेऊन गेली, तिच्याकडून आता परत आणता येत नाही. दादाची मी त्या रविवारी काढून घेतली आणि त्यासाठी तो माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, मला माहीत नाही. माझी मी इथे परत करतो. खरं काय ते आता तुमच्यासमोर आहे. यावर रागवायचं की नाही, किती आणि कुणावर, हे सगळं तुम्ही ठरवायचं होतं. मी ते तुम्हाला ठरवू दिलं नाही.

तुमचा,
भाऊजी